वाळूतला साप, बरणीतला साप



साप हा विषय घेऊन आपल्याकडे कुणी उभं राहिलं की श्रोत्यांच्या दोन अपेक्षा असतात. एक, वक्त्यानं पिशवीतून काहीतरी बाहेर काढावं. दुसरी, साप डूख धरतो का आणि दूध पितो का, याचा एकदाचा निकाल लावावा. पिशवी मी आणलेली नाही. निकाल सांगून टाकतो: धरत नाही, पीत नाही. आता पुढचा तासभर आपण मोकळे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणून विषय मुद्दाम असा निवडला, की ज्यात विज्ञानाचं काम अडखळत, मागे वळत, पुन्हा पुढे जात कसं चालतं ते दिसावं. वाळवंटात दडून राहणाऱ्या सापांच्या नव्या जाती सापडतात कशा, आणि सापडल्यावर त्यांना कुठल्या घरात बसवायचं हे ठरतं कसं, हा तो विषय. वर्तमानपत्रात आपण बातमी वाचतो, ‘सापाची नवी जात सापडली’. वाचताना डोळ्यांपुढे काय येतं? टोपी घातलेला कुणी शास्त्रज्ञ दगड उलटतो, खाली वेटोळं दिसतं आणि तो ओरडतो, ‘सापडली!’ असं जवळजवळ कधीच होत नाही. साप हाती लागतो तो एक दिवस. जात हाती लागते तो दुसरा दिवस. या दोन दिवसांमध्ये कधी काही महिने जातात, कधी अडतीस वर्षं जातात. मला आज बोलायचं आहे ते या मधल्या काळाबद्दल.

पण आधी एक साधा प्रश्न. हे साप दिसत का नाहीत?

उन्हाळ्यात भर दुपारी वाळवंटाची वाळू अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतकी तापते. सापाला घाम नाही, पाय उचलून धरायची सोय नाही. अंगाखालची वाळू तापली की त्याचं अंग तापतं, आणि थोड्याच वेळात तो मरतो. म्हणून तो वाळूत, बिळात, दगडाच्या सांदीत राहतो आणि रात्री बाहेर येतो. तेही रोज नाही. ठरावीक महिन्यांत, ठरावीक तापमानात, रात्रीचे दोनचार तास. आणि आपण वाळवंट पाहायला जातो ते दिवसा, हिवाळ्यात.

ही गोष्ट ज्यानं हिशेब मांडून दाखवली तो प्राणिशास्त्रज्ञ नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात लॉरेन्स क्लाउबर नावाचा विजेचा इंजिनिअर होता. गॅस आणि वीज पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी, पुढे त्याच कंपनीचा अध्यक्ष. १९२०च्या दशकात तिथल्या नव्या प्राणिसंग्रहालयाला साप ओळखून देणारं कुणीतरी हवं होतं, आणि चाळिशीला आलेल्या या गृहस्थाला तो नाद लागला. तो संध्याकाळी मोटार काढायचा आणि वाळवंटातल्या रस्त्यावरून रात्री उशिरापर्यंत हळूहळू हाकायचा. रस्ता दिवसभर तापतो आणि रात्री ऊब धरून ठेवतो. साप तो ओलांडायला येतात, कधी तिथेच रेंगाळतात. मोटारीच्या दिव्यांत ते दिसतात. क्लाउबर प्रत्येक सापाची वेळ, जागा, हवेचं तापमान लिहून ठेवायचा. इंजिनिअरच तो.

त्या भागात नाकावर पानासारखा मोठा खवला असलेला एक छोटा साप आहे, फायलोऱ्हिंकस. तोवर त्याचे अगदी मोजके नमुने कुठे कुठे होते. दुर्मिळातला दुर्मिळ साप अशी त्याची ख्याती. क्लाउबरच्या वहीत तो पुन्हा पुन्हा येऊ लागला. त्या रस्त्यांवरच्या नेहमीच्या सापांपैकी तो एक निघाला! मग आधी दुर्मिळ कोण होतं? साप, की रात्री जागा राहणारा माणूस? मला विचाराल तर वाळवंटी सापांच्या बाबतीत ‘दुर्मिळ’ हा शब्द वापरण्याआधी वापरणाऱ्यानं आपल्या झोपेच्या वेळा जाहीर कराव्यात.

(एक कंसातलं. क्लाउबरच्या काळात त्या रस्त्यांवर मोटारी तुरळक असत. आज त्याच पद्धतीनं साप शोधणाऱ्यांना चिरडलेले साप पुष्कळ मिळतात.)

आता तुम्ही म्हणाल, कॅलिफोर्निया कुठे आणि आपण कुठे. महाराष्ट्रात वाळवंट म्हटलं तर चंद्रभागेचं. तर थोडं जवळ येऊ. अरबस्तानच्या वाळूत राहणाऱ्या एका सापाचं शास्त्रीय नाव आहे एरिक्स जयकरी. जयकरी! हे जयकर म्हणजे आत्माराम सदाशिव जयकर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांची नेमणूक ओमानमध्ये मस्कतला होती, आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी तिथेच काढली. त्या काळातलं मस्कत म्हणजे उघडेबोडके काळे डोंगर, समोर समुद्र आणि जीव नकोसा करणारा उन्हाळा. बदलीसाठी अर्ज करत बसावं अशी जागा. जयकर काय करत बसले? ते मासे जमवत होते, सरडे जमवत होते, साप जमवत होते आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत होते. तिथल्या अरबी बोलीवर लिहीत होते, ओमानी म्हणी गोळा करत होते. पुढे त्यांनी अद्-दमीरी या चौदाव्या शतकातल्या इजिप्शियन विद्वानाच्या प्राणिकोशाचं इंग्रजी भाषांतर केलं. एका सरड्याला त्यांचं नाव आहे, एका समुद्रघोड्याला आहे, आणि ओमानच्या डोंगरातल्या ताहर या रानबकऱ्यालाही आहे. तो १८९४ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी वर्णिला. आपल्याकडे जयकर म्हटलं की बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आठवतात, पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय आठवतं. ते योग्यच आहे. पण डॉक्टर जयकर कुणाला आठवतात? मस्कतला कामाला गेलेल्या किती मराठी माणसांना ठाऊक असेल, की गावाबाहेरच्या वाळूत आपल्या एका आडनावाचा साप राहतो?

या सापाकडे जरा जवळून पाहू. साधारण हातभर लांब, जाडसर, वाळूच्या रंगाचा. त्यावर गडद आडवे पट्टे. नाक पाचरीसारखं, वाळूत घुसण्यासाठी. आणि डोळे? आपल्या ओळखीच्या सापांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. याचे डोळे डोक्याच्या माथ्यावर आहेत. बारीक मोहरीएवढे. तो अख्खा वाळूत बुडतो आणि वर उरतात ते दोन ठिपके. पालीसारखा एखादा प्राणी जवळून गेला की वाळू हलते आणि पाल नाहीशी होते. समोरून पाहिलं तर हा साप जरा बावळट दिसतो, कार्टूनवाल्यानं काढल्यासारखा. पण वाळूत दडून बसण्याच्या कामाला यापेक्षा नेटकं अंग कुणी घडवून दाखवावं.

हा एरिक्स म्हणजे आपल्या मांडुळाचा भाऊबंद. मांडूळ एरिक्स जॉनी, डुरक्या घोणस एरिक्स कोनिकस, आणि हा एरिक्स जयकरी. एका प्रजातीतल्या या तीन जाती. मांडुळाला दोन तोंडं असतात, त्यानं गुप्तधन मिळतं, अशा बाता मारून त्या बिचाऱ्याची चोरटी विक्री आपल्याकडे अजून चालते. पोलिसांच्या कारवायांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. जयकरांचा साप त्यातून सुटला, त्याची शेपूट शेपटीसारखीच दिसते म्हणून!

आता मूळ मुद्दा. जयकरांनी साप पाठवला. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज आल्बर्ट बूलेंजर हे गृहस्थ बसले होते. जगभरातून येणाऱ्या बरण्या उघडायच्या, खवले मोजायचे, आधीच्या नमुन्यांशी ताडून पाहायचं आणि लिहायचं, हे त्यांचं काम. त्यांनी १८८८ मध्ये या सापाचं वर्णन छापलं आणि नाव दिलं. एका माणसाच्या हाती साप लागला मस्कतला. दुसऱ्याच्या हाती जात लागली लंडनला, टेबलावर. शोध कुणाचा म्हणायचा? नियमाप्रमाणे जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचं नाव लागतं, म्हणजे बूलेंजरचं. जयकर नावाच्या आत आहेत, पण ते सन्मान म्हणून.

बूलेंजरनं जे पाहिलं ते दारूत बुडालेलं अंग होतं. या सापाबद्दलची सगळ्यात चक्रावणारी गोष्ट त्या बरणीत दिसणं शक्यच नव्हतं. हा साप अंडी घालतो. त्यात काय मोठं, असं वाटेल. पण या घराण्यातले बहुतेक साप पिल्लांना जन्म देतात. मांडूळही देतं. म्हणजे पूर्वजांनी अंडी घालणं सोडून दिलं आणि या सापानं ते पुन्हा सुरू केलं, असं तर नाही? उत्क्रांतीत एकदा गमावलेली गुंतागुंतीची गोष्ट जशीच्या तशी परत येत नाही, असा एक जुना नियम सांगतात. डोलोचा नियम. २०१० मध्ये लिंच आणि वॅग्नर या दोघांनी हाच साप पुढे करून विचारलं, की मग हे काय आहे? बूलेंजरनंतर एकशेबावीस वर्षांनी! नाव दिलं म्हणजे साप कळला असं नव्हे. नाव दिल्यामुळे फक्त प्रश्न कुणाबद्दल विचारायचा ते ठरतं.

त्या काळात वाळवंटात साप गोळा करणारे आणखी एक लोक होते. सीमारेषा आखणारे. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी अफगाणिस्तान आणि बलुचिस्तान यांच्यामधली सीमा आखायला एक आयोग पाठवला. प्रमुख होते कॅप्टन मॅकमहोन, हो, तेच, पुढे आपल्या ईशान्येकडच्या मॅकमहोन रेषेचे. सोबत मेनार्ड नावाचे डॉक्टर होते. त्या भागातल्या वाळूच्या टेकड्यांमधून दोन नवे साप आले. एका विषारी सापाला मॅकमहोनचं नाव मिळालं, एरिस्टिकोफिस मॅकमहोनी. दुसऱ्या लहान, निरुपद्रवी सापाला मेनार्डचं, लायटोऱ्हिंकस मेनार्डी. रेषेनं माणसं वाटली गेली. साप आजही दोन्हीकडे आहेत.

या दोन्ही सापांच्या नाकावरचा खवला मोठा, पसरट, पानासारखा आहे. आठवतंय? कॅलिफोर्नियातल्या क्लाउबरच्या सापाचंही नाक असंच होतं. म्हणजे हे तिघे नात्यातले का? वाळवंटी सापांच्या वर्गीकरणातली पहिली अडचण हीच आहे. मॅकमहोनचा साप घोणस-फुरशांच्या कुळातला. मेनार्डचा धामणीच्या कुळातला. कॅलिफोर्नियाचा तिसऱ्याच शाखेचा आणि मध्ये आख्खा महासागर. सैल वाळूत नाक खुपसून जगायचं तर नाकाला असं पान लागतं. ज्यांना ते जमलं ते तिथे टिकले. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात आणखी एक छोटा विषारी साप आहे, बायटिस पेरिंग्वेयी. त्याचे डोळेही माथ्यावर आहेत, जयकरांच्या सापासारखे. तो अंगावर जमलेलं धुक्याचं पाणी चाटून पितो. मांडुळाच्या घराण्याशी त्याचा संबंध शून्य. वाळू सगळ्यांना एकाच साच्यात घालते. मग बाहेरच्या रूपावरून नातं ठरवायचं तरी कसं?

आणि याच्या उलटही घडतं. वाळवंटातल्या शिंगवाल्या सापांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, डोळ्यावर शिंगासारखा खवला असतो. सापाला शिंगं! यापेक्षा ठळक खूण दुसरी कुठली? पण एकाच जातीत काहींना शिंगं असतात आणि काहींना नसतात. जी खूण लांबून दिसते तिचा इथे काही उपयोग नाही.

हे सगळं मनात ठेवा, कारण आता मी माझ्या सगळ्यात आवडत्या सापाकडे येतो आहे.

१९६८ साल. शिकागोच्या फील्ड म्युझियमची एक मोहीम इराणमध्ये होती. विल्यम आणि जॅनिस स्ट्रीट या दांपत्याच्या नावानं ती ओळखली जाते. पश्चिम इराणमध्ये, झाग्रोस पर्वताच्या कोरड्या, खडकाळ पायथ्याशी त्यांना एक साप मिळाला. विषारी, खरबरीत, मातकट, डोळ्यांवर शिंगांसारखे खवले. असा साप इराणमध्ये माहीत होता, स्यूडोसेरास्टिस पर्सिकस. त्याच नावाखाली त्याची नोंद झाली. फक्त शेपटी विचित्र होती. टोकाला एक गोळा, आणि गोळ्याच्या दोन्ही बाजूंनी लांबट खवले पायांसारखे लोंबणारे. बरणीतल्या सापाच्या शेपटीला कोळी चिकटला आहे असंच वाटावं.

तुम्ही त्या टेबलाशी असता तर काय म्हणाला असता? खरं सांगा. एकच साप. बाकी सगळं अंग ओळखीचं. शेपटीला काहीतरी झालंय. गाठ असेल, परजीवीनं केलेली सूज असेल, जन्मजात व्यंग असेल. एका नमुन्यावरून यापेक्षा जास्त बोलायचं धाडस शहाण्या माणसानं करू नये, आणि कुणी केलंही नाही. इराणच्या सापांचा अभ्यास करणारे स्टीव्हन अँडरसन यांना ती शेपटी खटकत होती. पण नुसत्या खटकण्यावर जात उभी राहत नाही. साप बरणीत राहिला.

मग २००३ मध्ये इराणी संशोधक हमीद बोस्तांची यांच्यामुळे त्याच भागातला दुसरा साप हाती आला. शेपटी? तशीच. तोच गोळा, तेच पाय.

दुसरा नमुना आला आणि पहिल्याचं व्यंग गळून पडलं. एक्स-रे काढले तर शेपटीचे मणके त्या गोळ्याच्या आत गेलेले दिसले. ती गाठ नव्हती, तो सापाच्या अंगाचाच घडीव भाग होता. २००६ मध्ये बोस्तांची, अँडरसन, कामी आणि पापेनफस यांनी मिळून या जातीचं वर्णन केलं आणि नाव दिलं स्यूडोसेरास्टिस युरॅरॅक्नॉइडिस, कोळ्यासारख्या शेपटीचा. प्रत्येक नव्या जातीसाठी एक नमुना आधार म्हणून ठरवावा लागतो, पुढे वाद झाला तर ज्याच्याकडे परत जायचं तो. त्याला होलोटाइप म्हणतात. होलोटाइप कुठला ठरला? शिकागोच्या बरणीतला, १९६८चा. अडतीस वर्षं जो विकृत नमुना म्हणून पडून होता, तोच जातीचा आधार झाला. त्या अडतीस वर्षांत सापात एका खवल्याचाही फरक पडला नव्हता.

शेपटीचं काम काय, हे तेव्हाही कळलं नव्हतं. अंदाज होता. २००९ मध्ये बेहझाद फाथिनिया आणि सहकाऱ्यांनी जिवंत सापावरचं निरीक्षण छापलं. साप खडकाशी एकरूप होऊन निश्चल पडतो आणि फक्त शेपटी हलवतो. ती कोळी चालल्यासारखी चालते, थांबते, वळते. पक्षी कोळी टिपायला उतरतो आणि क्षणात सापाच्या तोंडात जातो. पुढे रानातही हे पाहिलं गेलं. फसणाऱ्यांत स्थलांतर करून आलेले पक्षी जास्त असतात, स्थानिक पक्षी बरेच सावध असतात, असंही दिसलं. परगावच्या पाहुण्याला गंडवण्याची कला केवळ रेल्वे स्टेशनबाहेरच्या रिक्षांची नव्हे!

पण मला या गोष्टीत सापापेक्षा बरणी जास्त महत्त्वाची वाटते. समजा १९६८ मध्ये कुणी म्हटलं असतं, की हा खराब नमुना आहे, शेपटी किडलेली आहे, टाकून द्या. मग २००३चा साप पुन्हा एकुलता एक ठरला असता, आणि पुन्हा एकदा त्याला व्यंग म्हणून बाजूला ठेवलं गेलं असतं. संग्रहालय म्हणजे फक्त शाळेच्या सहलीची जागा, असं आपण समजतो. या मोठ्या संग्रहांमध्ये चुकीच्या चिठ्ठ्या लावलेल्या, अर्धवट ओळखलेल्या नमुन्यांची कपाटंच्या कपाटं असतात, आणि तिथे बसून होणारे शोध रानातल्या शोधांपेक्षा कमी नसतात. अशा कपाटासाठी पैसे मागायला जा आणि बघा. इमारतीला मिळतात. दारू बदलायला मिळत नाहीत. बरणीतली दारू उडते हो! ती वेळच्या वेळी भरली नाही तर शंभर वर्षांचा साप सुकून वाखासारखा होतो.

तर मग रूप फसवतं, ठळक खूण फसवते, विचित्र खूण खरी निघते. उरतं काय? उरतं मोजणं. टेबलावर ताट घ्या, त्यात दारूनं ओला साप. तो कडक झालेला असतो, ज्या वेटोळ्यात ठेवला त्याच वेटोळ्यात. गळ्याशी दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. लांबीचा मध्य शोधायचा. भिंग डोळ्याशी, हातात टाचणी. पोटाच्या रुंद खवल्याच्या कडेपासून सुरुवात करायची आणि टाचणीचं टोक एकेका खवल्यावर टेकवत तिरपं वर जायचं, पाठीचा कणा ओलांडायचा, दुसऱ्या बाजूनं उतरायचं. पंधरा. पुन्हा मोजायचं. पंधरा. मग पोटाचे खवले मानेपासून गुदद्वारापर्यंत, मग शेपटीखालचे, मग ओठांवरचे, डोळ्याला टेकणारे किती, न टेकणारे किती. कंटाळवाणं काम. यात कुठलाही थरार नाही, आणि तो आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण या पंधराचं मोल ऐका. आपल्या नेहमीच्या मण्यारीच्या अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी पंधरा असतात. थरच्या वाळवंटात तशीच काळी, तशाच पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार मिळते आणि टाचणी सतरावर जाऊन थांबते. ही सिंधी मण्यार, बंगारस सिंडॅनस. वर्णन बूलेंजरचंच, १८९७. दोन ओळींचा फरक. या मण्यारीच्या मुलखात, पश्चिम राजस्थानात, पीवणा सापाची दंतकथा आहे. हा साप म्हणे रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसतो आणि त्याचा श्वास पिऊन जातो. सकाळी माणूस मेलेला, अंगावर खूण नाही. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण जेमतेम दिसते आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस जातो. पीवणाची कथा रचणाऱ्यांनी कारण चुकीचं सांगितलं, पण लक्षणं चोख टिपली.

मोजण्याच्या जोडीला आता डीएनए आला आहे. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची जाहिरात पुरेशी झालेली आहे. डीएनएनं बाहेरच्या रूपाचा चकवा टाळता येतो. पानासारखं नाक कुणाचं पणजोबांकडून आलं आणि कुणी स्वतः कमावलं, हे कळतं. पण किती फरक पडला की नवी जात म्हणायची, हे डीएनए सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचं असतं, आणि माणसं भांडतात. फुरशांचं उदाहरण घ्या. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातली बहुतेक फुरसी एके काळी एकाच जातीत, एचिस कॅरिनेटसमध्ये, कोंबली होती. मग कुणी त्यांचे तुकडे केले, कुणी काही तुकडे परत जोडले. २००९ मध्ये डीएनएवरून त्यांचे चार मोठे गट स्पष्ट झाले. आतल्या जातींवर अजून वाद आहेत.

डीएनएची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती आपल्या अंगणातली आहे. गुजरातमध्ये विरमगाम तालुक्याच्या बाजूला, शेतं आणि खुरट्या काटेरी झुडपांच्या माळरानात, एक सडपातळ साप मिळाला. कुठल्याच यादीत न बसणारा. झीशान मिर्झा, राजू व्यास, हर्षिल पटेल, जयदीप महेता आणि राजेश सानप यांनी त्याचा अभ्यास केला. जातच नव्हे, प्रजातीसुद्धा नवी निघाली. २०१६ मध्ये नाव जाहीर झालं, वॉलेसोफिस गुजरातेन्सिस. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या स्मरणार्थ. डीएनएनं त्याचा जवळचा नातेवाईक कोण दाखवला? लायटोऱ्हिंकस. डॉक्टर मेनार्डच्या सापाचं घराणं! ही शाखा मायोसीन काळात, म्हणजे किमान पन्नास लाख वर्षांपूर्वी, वेगळी झालेली. पुढच्याच वर्षी मिर्झा आणि पटेल यांनी आणखी एक दुवा जोडला. १८६६ मध्ये वर्णिलेला, आपल्या महाराष्ट्रातही मिळणारा एक गुळगुळीत अंगाचा, आखूड शेपटीचा साप आहे. तो कित्येक वर्षं कोरोनेला या प्रामुख्यानं युरोपातल्या सापांच्या प्रजातीत बसवलेला होता. तो निघाला या गुजराती सापाचा सख्खा. आता त्याचं घर वॉलोफिस. म्हणजे अरबस्तान, बलुचिस्तान, गुजरात आणि आपला दख्खनचा कोरडा माळ यांच्यातून कोरड्या प्रदेशातल्या सापांचं एक जुनं नातं धावतं आहे, आणि ते कळायला दीडशे वर्षं लागली. साप तर केव्हाच हाती लागला होता!

आता काही जणांच्या मनात आलं असेल, की चाललंय ते छान चाललंय, पण एका सापाचे दोन केले काय आणि दोनाचा एक केला काय, कुणाचं काय बिघडतं?

घानाला विचारा. पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ पट्ट्यात फुरशाचा दंश हे मोठं संकट आहे. तिथलं फुरसं एचिस ऑसेलेटस. १९७०पर्यंत त्याला वेगळं नावही नव्हतं, तेही कॅरिनेटसमध्येच मोडत असे. तिथल्या ग्रामीण भागात एक चांगलं चालणारं प्रतिविष मिळेनासं झालं आणि त्याऐवजी भारतीय फुरशाच्या विषावर बेतलेलं दुसरं वापरात आलं. फुरसं ते फुरसंच, नाही का? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आकडे आहेत. आधीच्या प्रतिविषाच्या काळात दंश झालेल्या रुग्णांपैकी १.८ टक्के दगावत होते. नव्याच्या काळात १२.१ टक्के. शंभरात दोनहून कमी होते ते बाराच्या वर गेले. 

आपल्याकडे निराळं नाही. भारतात मिळणारं प्रतिविष चार सापांसाठी आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यासाठी लागणारं विष गोळा होतं ते प्रामुख्यानं तामिळनाडूत, इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून. ती माणसं आपल्या कामात तरबेज आहेत, त्यांच्यामुळे देशभर जीव वाचतात. पण तामिळनाडूच्या सापाचं विष आणि थरच्या सापाचं विष एकच कसं असेल? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटानं २०१९ मध्ये अशा दुर्लक्षित सापांची विषं तपासून प्रसिद्ध केली. त्यात सिंधी मण्यार होती, थरकडचं फुरसं होतं. प्रचलित प्रतिविष या दुर्लक्षित सापांच्या विषांपुढे अपुरं पडत असल्याचं चित्र त्यातून पुढे आलं. जैसलमेरच्या दवाखान्यात आलेल्या माणसाला पंधरा ओळी आणि सतरा ओळी यांच्याशी काही देणंघेणं नसतं. बाटलीत भरलेल्या औषधाला असतं.

शेवटाकडे आलो. गुजरातचा तो साप जिथे मिळाला तशा माळांना आपल्या सरकारी नोंदींमध्ये काय म्हणतात, ठाऊक आहे? पडीक जमीन. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपी माळ, गवताळ माळ, वाळूचे पट्टे सगळे येतात. पडीक ठरलं की तिथे कारखाना, कालवा, सोलर प्रकल्प, काहीही आणायला आपण मोकळे. आणणाऱ्यांवर माझा राग नाही, वीज मलाही लागते. पण तिथे काय आहे हे पाहायला कुणी एकदा तरी रात्री गेलं होतं का?

समोर काही सर्पमित्र बसलेले दिसताहेत, त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. साप उचलून नेणं, मेलेला का असेना, घरी बरणीत ठेवणं, हे वन्यजीव कायद्यात बसत नाही. ते करू नका, वन खात्याला कळवा. पण फोटो काढायला कुणाची आडकाठी नाही. आणि फोटो काढता तेव्हा फणा आणि तोंड एवढंच काढता, कारण त्याला लाइक मिळतात. यापुढे डोकं वरून आणि बाजूनं, अंगाचा मध्य खवले मोजता येतील इतका जवळून, आणि शेपटी शेवटच्या टोकापर्यंत, असे फोटो काढा. विषारी असेल तर अर्थात लांबून झूम करून. सोबत तारीख, वेळ आणि गाव लिहा. ‘आमच्या शेतात’ एवढ्यावरून पुढे काही करता येत नाही.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं प्रश्नांसाठी ठेवली आहेत. मांडुळाची किंमत सोडून काहीही विचारा.